पुरते मांजर न होणारी मुलगी

नोरी होरेस या दहा वर्षांच्या मुलीला मांजराचे पिल्लू होता येते. मिशा फुटतात, कान टोकदार होतात, अंगभर मऊ लव पसरते, आणि आता सगळे जमून आले असे वाटत असतानाच त्या पिल्लाला बीव्हरचे चपटे शेपूट येते किंवा ड्रॅगनचे पंख फुटतात. बीव्हरचे दात आले की समोरचे लाकूड कुरतडल्यावाचून तिला राहवत नाही आणि ड्रॅगन अंगात आला की तोंडातून जाळ निघतो. तिचे वडील सेज अकॅडमी नावाच्या नामांकित जादूशाळेचे मुख्याध्यापक आहेत. त्याच शाळेच्या प्रवेशपरीक्षेत नोरीची जादू अशी भलत्या वळणाला जाते, ती नापास होते आणि वडील तिची रवानगी दुसऱ्या गावी मार्गो आँटीकडे करतात. त्या गावच्या साध्या सरकारी शाळेत तिच्यासारख्या मुलांसाठी एक निराळा वर्ग काढलेला असतो. त्या वर्गातल्या एलियटला आग पेटवता येते, पण तिचा लगेच बर्फ होतो. आंद्रेसला उडता येते, पण खाली येता येत नाही, म्हणून त्याच्या पाठीवरच्या पिशवीत विटा भरलेल्या असतात. विला पाऊस पाडते, पण फक्त घरात. पेपरला प्राण्यांशी जवळीक साधायची असते आणि प्राणी तिला पाहताच जिवाच्या आकांताने पळत सुटतात. बॅक्स कपूर नावाचा मुलगा प्राणी व्हायला जातो आणि दगड होऊन बसतो.

सारा म्लिनोव्स्की, लॉरेन मायरॅकल आणि एमिली जेन्किन्स या तीन लेखिकांनी मिळून लिहिलेले ‘अपसाइड-डाउन मॅजिक’ हे पुस्तक अमेरिकेत स्कोलॅस्टिकने २०१५ मध्ये प्रकाशित केले. पुढे त्याची मालिका झाली आणि २०२० मध्ये डिस्ने चॅनेलने त्यावर चित्रपटही काढला. आठ ते बारा वयाच्या मुलांसाठीचे, दोन बैठकांत संपणारे, पानापानाला हसवणारे हे पुस्तक आहे. अशा पुस्तकाबद्दल मोठ्या माणसांनी फारसे बोलू नये असे नव्हे, पण ती बोलतात तेव्हा हसण्याचा विषय अगदी क्वचित निघतो. ज्यांना ते आवडते ते सांगतात की यातून मुलांना वेगळेपण स्वीकारण्याचा धडा मिळतो, आणि म्हणून ते वाचायला द्यावे. ज्यांना आवडत नाही त्यांचे म्हणणे असे की गोष्ट फार हलकी आहे, तिच्यात मोठे संकट नाही, खलनायक नाही, मुलांना विचार करायला लावणारे काही नाही. वरवर पाहता ही मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मला मात्र त्यांचा पाया एकच दिसतो. मुलांच्या पुस्तकाने आपल्या असण्याचे काहीतरी कारण दाखवले पाहिजे, नुसते हसवून भागणार नाही, हे दोघांनीही धरून ठेवले आहे. या गृहीतकाने पुस्तकाचे नुकसान होतेच, पण त्याहून मोठे नुकसान वाचणाऱ्या मुलाचे होते असे माझे मत आहे.

हे मत मी कुठून बनवले ते सांगते. गेली काही वर्षे रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी आसपासच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. निम्मी मुले इंग्रजी माध्यमाची, निम्मी मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी पुस्तक असले की मी वाक्य वाचते आणि लगेच मराठीत सांगत जाते. नोरीची गोष्ट सुरू केली तेव्हा पहिलाच अडसर बीव्हरचा आला. हा प्राणी आपल्याकडे नाही. मी चित्र दाखवले, तो दातांनी झाडे पाडून ओढ्यावर बांध घालतो हे सांगितले. चित्र पाहून एक मुलगा म्हणाला, “ही तर घूस आहे.” मांजर आणि घूस मिळून मांजूस, असे नाव दुसऱ्याने लगेच पाडले, आणि त्यानंतर पाऊण तास पुस्तकाचे पान उलटले गेले नाही. बेडूक आणि उंट मिळून बेडूंट झाला. एका मुलीने म्हैस आणि साळुंकी एकत्र करून ‘म्हैसाळुंकी’ काढली आणि ती तारेवर बसली तर काय होईल यावर बराच वेळ गंभीर चर्चा चालली. तार तुटेल, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. ती मुलगी मात्र ठाम होती की मन साळुंकीचे असेल तर वजन साळुंकीचेच राहील, फक्त शिंगे तारेत अडकतील. शरीर एकाचे आणि मन दुसऱ्याचे असेल तर वागणे कोणाचे, हा प्रश्न मी त्या खोलीत कोणाला विचारला नव्हता. तो त्या मुलीने खेळता खेळता स्वतःहून समोर ठेवला होता.

तासाच्या शेवटी तिची आई तिला न्यायला आली. प्रेमळ आणि मुलीच्या वाचनाबद्दल मनापासून आस्था असणारी ती बाई आहे. तिने दारातच विचारले, “मग, काय शिकलीस आज?” मुलगी क्षणभर गप्प झाली. मग वर्गात उत्तर देताना काढतात त्या आवाजात म्हणाली, “सगळ्यांशी चांगलं वागावं.” म्हैसाळुंकीचे तिने नावही काढले नाही. घरी जाऊन तरी काढले की नाही, मला ठाऊक नाही. पण प्रश्न ऐकताक्षणी तिने ओळखले होते की त्या प्रश्नाला चालणारे उत्तर कोणते, आणि खरे उत्तर तिने आत ठेवून घेतले. सेज अकॅडमीच्या परीक्षकांना नोरीकडून पुरते मांजर हवे होते. त्या मुलीने दारात पुरते मांजर होऊन दाखवले.

त्या आईला दोष देण्यात अर्थ नाही, कारण हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मराठीत छापील बालवाङ्मय सुरू झाले तेच मुळी बोधकथांनी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या कथा मराठीत आणल्या, पंचतंत्र आणि हितोपदेश तर आधीपासून होतेच, आणि गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ लिहिण्याची रीत पुस्तकांतून वर्गात आणि वर्गातून घराघरात गेली. या परंपरेने मराठी मुलांना चांगल्या गोष्टी दिल्या आहेत आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. तरीही दुसरी परंपरा तिच्याइतकीच आपली आहे याचा विसर पडू नये. मुलांचे मनोरंजन करणाऱ्याचे नाते देवाशी जडते, अशी ओळ साने गुरुजींच्या नावावर आपण वर्षानुवर्षे उद्धृत करतो, आणि तिच्यात बोधाचा उल्लेखही नाही. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी ‘एटू लोकांचा देश’ लिहिला तो कसल्याही तात्पर्यासाठी नव्हे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, पुढच्या पिढीला ती वैभव मांगले यांनी दाखवली, आणि दोन्ही वेळा नाट्यगृहातली मुले खुर्च्यांवर उभी राहून ओरडली. त्या नाटकाहून परत येताना रिक्षात कोणी मुलाला ‘चेटकिणीकडून काय शिकलास’ असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही. रंगमंचावरच्या जादूला आपण जी मोकळीक देतो ती छापील पानावरच्या जादूला देत नाही. माझ्या मते याचे कारण असे की पुस्तक हातात आले की आपल्याला शाळा आठवते.

एक आक्षेप निराळा आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये ज्या राज्यात झाला आणि त्यासाठी ज्या राज्याने मोठी किंमत मोजली, तिथल्या विवेकी आईबापांना मुलांच्या हाती जादूची पुस्तके देताना अवघडल्यासारखे होते. पण बुवा जे सांगतो ते खरे आहे असा त्याचा दावा असतो आणि त्या दाव्यावर तो पैसे घेतो. काल्पनिक गोष्ट पहिल्याच ओळीत सांगून टाकते की हा खेळ आहे, चला खेळू. आमच्या खोलीतल्या एकाही मुलाला मांजूस खरा वाटला नाही. उलट खरे काय असते हे पक्के ठाऊक असल्याशिवाय मांजूस काढताच येत नाही, कारण घुशीचे शेपूट आणि मांजराची मिशी आधी नीट पाहिलेली असावी लागते.

आता धड्याकडे वळते, कारण या पुस्तकाच्या चाहत्यांनी त्यातून काढलेला धडा खोटा नाही. अमेरिकेतल्या अनेक पालकांनी आणि शिक्षकांनी हे पुस्तक अध्ययन अक्षमता असलेल्या किंवा लक्ष एकाग्र न होणाऱ्या मुलांची गोष्ट म्हणून वाचले आहे, आणि तसे वाचायला पुस्तकात भरपूर आधार आहे. ज्यांची जादू उलटी चालते त्या मुलांना बाकीची मुले ‘वॉन्की’ म्हणून हिणवतात. आमच्या खोलीत त्या शब्दाचे मराठी काय करावे याचा विचार मी करत होते. तिरपागडे, वाकडे, बिघडलेले असे शब्द मनात येत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, “म्हणजे ढ.” एका अक्षराचा एवढा अचूक अनुवाद मला सुचला नसता. ब्राह्मीपासून आजपर्यंत ढ या अक्षराचे वळण बदलले नाही, म्हणून पुढे न सरकणाऱ्या मुलाला ते चिकटले, असे सांगतात. त्याची व्युत्पत्ती काहीही असो, हे अक्षर ज्याला चिकटले त्याला ते किती वर्षे पुरते, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. गुणांप्रमाणे मुले वाटणाऱ्या शाळांत ‘अ’ तुकडीपासून शेवटच्या तुकडीपर्यंत हाच शब्द वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिलेला असतो, आणि शेजारचे काका मुलाचे नाव विचारण्याआधी तुकडी विचारतात.

या वाचनाला माझा पाठिंबा आहे, पण ते जिथून सुरू व्हायला हवे तिथून सहसा होत नाही. पुस्तकातली सर्वांत चांगली जागा कोणती, तर नोरीचे रूप बदलल्यानंतरची. मांजूस झालेल्या नोरीच्या आत नोरी शिल्लक असते. ती सगळे पाहत असते, थांब म्हणत असते, हे लाकूड कुरतडू नकोस, आत्ता नको, इथे नको, असे स्वतःला बजावत असते, आणि तरीही दात चालू असतात. थोड्या वेळाने तो आतला आवाज क्षीण होतो आणि बीव्हरचे मन सगळा ताबा घेते. मग भानावर आल्यावर समोर भुसा पडलेला आणि मोठ्या माणसांचे चेहरे. ज्या मुलाचे लक्ष उडते, ज्याचा हात नको म्हणत असताना शेजारच्याच्या वहीवर जातो, जो दर तासाला ‘कळत नाही का तुला’ हे वाक्य ऐकतो, त्याला ठाऊक असते की कळत होते. कळूनही थांबता आले नाही, हे त्याचे दुःख असते, आणि ते त्याला कोणापुढे मांडता येत नाही, कारण मोठ्यांच्या लेखी ते कारण नसून सबब असते. हे पुस्तक ती गोष्ट आतून, त्या मुलाच्या बाजूने, आणि मुख्य म्हणजे हसत दाखवते. एखाद्या गंभीर कादंबरीने हाच अनुभव करुण करून मांडला असता तर वाचणाऱ्या मुलाला आपली कीव केली जात आहे असे वाटले असते. इथे त्याची लाज एका चपट्या शेपटीच्या मांजराच्या वाट्याला गेली आहे, आणि त्या मांजराला तो मनसोक्त हसू शकतो.

हसण्याहसण्यात फरक असतो. वर्गातले मूल अडखळले की वर्ग हसतो, तेव्हा हसणारे एकीकडे आणि ते मूल दुसरीकडे असते. नोरी टेबलाचा पाय कुरतडताना आपण हसतो तेव्हा आपण तिच्याच डोक्यात बसलेले असतो आणि टेबलापलीकडची मोठी माणसे आपल्याला तिच्या उंचीवरून दिसत असतात. लेखकाने वाचकाला कुठे उभे केले आहे, यावरून विनोद कोणाचा आहे ते ठरते. हलकेपणा म्हणजे कमी कष्टाचे लेखन, असे मानणाऱ्यांनी ही एक गोष्ट तपासून पाहावी. वाचकाला त्या जागेवरून ढळू न देता दीडदोनशे पाने हसवत नेणे सोपे नसते, आणि करुणेपेक्षा ते अवघडच असावे असे मला वाटते.

या हलकेपणाची वंशावळही चांगली जुनी आहे. एडिथ नेस्बिटने १९०२ मध्ये ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ लिहिले तेव्हा तिने वाळूत राहणारी एक चिडखोर परी कल्पिली, जी रोज एक इच्छा पुरी करते आणि सूर्य मावळताच तिचा प्रभाव संपतो. मुले सुंदर होण्याची इच्छा करतात, तर घरातली बाई त्यांना ओळखत नाही आणि दारात घेत नाही. सोने मागतात, तर ती जुनी नाणी एकही दुकानदार घेत नाही. जादू असावी पण ती आपल्या कह्यात नसावी, आणि त्यातून दिवसभराची धांदल उडावी, हा प्रकार इंग्रजी बालसाहित्यात तेव्हापासून रुजला. १९९७ मध्ये हॅरी पॉटर आल्यानंतर जगभरच्या वाचकांना निवडलेल्या मुलाची, कपाळावर नियती घेऊन आलेल्या नायकाची सवय झाली, आणि तसे काही नसले की गोष्टीत काही घडत नाही असे वाटू लागले. नोरीवर जग वाचवण्याची जबाबदारी नाही. तिला नेहमीच्या वर्गात बसायचे आहे, डब्याच्या सुटीत कोणीतरी सोबत हवे आहे आणि वडिलांनी आपल्याला परत बोलवावे असे वाटते आहे. दहा वर्षांच्या मुलीसाठी ही संकटे लहान आहेत असे ज्यांना वाटते त्यांना आपले दहावे वर्ष आठवत नसावे. डिस्नेच्या चित्रपटाने या गोष्टीत अंधारी जादू आणि खलप्रवृत्ती आणून तिला ‘वजन’ दिले आहे. तो पाहताना माझे लक्ष सारखे त्या वजनाकडे जात राहिले आणि नोरीची धांदल मात्र मागे पडली. जिथे कोणी दुष्ट नाही, तरी एका मुलीला घराबाहेर पडावे लागते, ती गोष्ट मला कितीतरी अधिक अस्वस्थ करते.

वडिलांविषयी मुलांशी बोलताना मीही चाचरले होते. डॉक्टर होरेस वाईट माणूस नाही, तो मारत नाही, ओरडत नाही, त्याला फक्त आपल्या शाळेत नापास झालेली आपली मुलगी समोर नको आहे. अनेक मोठ्या वाचकांना हा प्रसंग इतक्या हलक्या पुस्तकात खटकतो, आणि वडिलांना पुरेशी शिक्षा मिळत नाही असेही त्यांना वाटते. आमच्या खोलीत मुलांनी या गोष्टीवर आश्चर्य व्यक्त केले नाही. ती शांतपणे ऐकत होती. एकाने एवढेच विचारले की नोरीच्या भावाबहिणीला सोबत का पाठवले नाही. त्यांची जादू नीट चालते, असे मी सांगितल्यावर त्याने “अच्छा” म्हटले आणि पुढचे वाच अशी खूण केली. त्या एका शब्दात त्याला जे कळले होते ते मला शब्दांत मांडता आले नसते, आणि मी मांडायला गेले नाही याचे आज समाधान वाटते.

ज्या आक्षेपापुढे मला माघार घ्यावी लागते तो निराळ्या वर्गाचा आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना सार्वजनिक शाळांत शिक्षणाचा हक्क मिळाला आणि त्याबरोबर एक तत्त्व आले की या मुलांना होता होईल तितके इतर मुलांबरोबर शिकवावे, वेगळे काढण्याची वेळ शक्यतो आणू नये. त्या समाजातल्या जाणत्या वाचकाला आठ उलट्या मुलांचा वेगळा वर्ग आणि त्याचे गोड चित्रण टोचणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, आणि समावेशक शिक्षण हा शब्दही कायद्यात आला. कायद्यातून तो वर्गात किती पोहोचला, हे ज्या पालकांनी दहावीच्या परीक्षेत मुलाला जादा वेळ किंवा लेखनिक मिळावा म्हणून प्रमाणपत्रांसाठी खेटे घातले आहेत त्यांना विचारावे. नोरी आणि एलियट आपली उलटी जादू मनातल्या एका पेटीत बंद करून ‘नॉर्मल’ दिसण्याचा सराव करतात, म्हणजे त्या वर्गातून सुटका होईल. ते जमत नाही, आणि हळूहळू त्यांना आपल्या वर्गाचा लळा लागतो. पेटीचा प्रयत्न फसतो ही पुस्तकातली अतिशय खरी गोष्ट आहे. पण लळा लागला म्हणून वर्ग वेगळा असणे योग्य ठरते का, या प्रश्नाशी पुस्तक थांबत नाही. बाकीच्या शाळेने त्या खोलीत यायला काय हरकत आहे, हे त्यात कोणी विचारत नाही. इथे पुस्तक कमी पडते असे मला वाटते, आणि त्याचे खापर हलकेपणावर फोडता येणार नाही, कारण हाच प्रश्न हसत विचारता आला असता.

तो आमच्या खोलीत विचारला गेला. शेवटच्या तुकडीत बसणारा एक मुलगा आहे, नववे संपून दहावे लागलेला, वाचताना ओळ हरवते म्हणून पट्टी धरून वाचणारा. तो सहसा बोलत नाही. त्याने विचारले, “त्या वर्गात मुलं किती?” आठ, मी म्हणाले. “आणि डबा कुठे खातात? सगळ्यांबरोबर की वर्गातच?” समावेशक शिक्षणावर मी आजवर जे काही वाचले आहे त्यात इतका नेमका प्रश्न मला आढळलेला नाही. पुस्तकाने तो प्रश्न विचारला नव्हता, पुस्तकाचा धडा सांगणाऱ्या कोणीही तो विचारला नव्हता, आणि मीही विचारला नसता. तो मुलगा इतका वेळ हसला होता, सगळ्यांबरोबर मांजूस आणि बेडूंट काढण्यात रमला होता, म्हणून तो प्रश्न त्याच्या तोंडून निघाला, अशी माझी खात्री आहे. ‘या गोष्टीतून काय शिकलास’ असे मी त्याला सुरुवातीलाच विचारले असते, तर त्याने मान खाली घातली असती. शिकणे ही गोष्ट त्याच्या वाट्याला ज्या रूपात आली आहे त्या रूपाला तो भितो.

मी त्याला खरे ते सांगितले की पुस्तकातल्या इतर मुलांनी त्यांना आधी टेबलाशी घेतलेच नाही. त्याने मान डोलावली. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना विचारले की तुमची जादू उलटी असती तर कोणती चालली असती. मुलींनी हात वर करून एकमेकींच्या वरताण उत्तरे दिली. एकीची अदृश्य होण्याची जादू फक्त चपलांवर चालणार होती, आणि म्हैसाळुंकीवाली आता म्हैसाळुंकीची पिल्ले काढणार होती. त्या मुलाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “मला बॅक्ससारखं व्हायचंय. दगड. गणिताच्या तासाला.” कोणी हसले नाही. मग त्यालाच शंका आली. पुस्तकात बॅक्स दगड झाला की त्याला ढकलगाडीत घालून नर्सकडे न्यावे लागते, ते त्याला आठवले असावे.

“पण मग मला नेणार कोण?” त्याने विचारले.

“मी ढकलीन,” म्हैसाळुंकीवाली म्हणाली. “पण जिन्यावरून नाही हं. जिन्यावर दोघं लागतील.”

लगेच आणखी दोन हात वर झाले.